पळसाचा देह

तारीख चंद्रभागाबाईंनी सांगितली होती आणि कैलाशने ती तशीच भरली होती. त्या घरात सांगितलेले तसेच करण्याची रीत होती. त्यामुळे भंडाऱ्याहून आलेला मंगेश ओसरीत बसून तारीख चुकली आहे असे म्हणाला, तेव्हा कैलाश आईच्या तोंडाकडे पाहू लागला आणि आई पाहुण्याच्या जोड्यांकडे. पायरीखाली काढायचे जोडे त्याने ओसरीच्या कडेशी काढले होते.

मंगेश भंडाऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत असे. उरलेल्या वेळात तो एका संकेतस्थळासाठी जिल्ह्यातली नावे गोळा करी. युद्धात कामी आलेल्या जवानांची ती उघडी नोंद होती. सरकारची नव्हे, लोकांनीच चालवलेली. नाव, गाव, पलटण, छायाचित्र, जन्म, मृत्यू असे सारे तिथे असे, आणि खाली दिवा लावण्याची खूण. ज्याच्या हाती फोन त्याने कुठूनही पाहावे आणि अनोळखी माणसासाठी दिवा लावावा. बोरटोल्यातून एकच नाव गेले होते, चंद्रभागाबाईंच्या यजमानांचे. शिवराम.

"आजी, तुम्ही मृत्यूची तारीख दोन हजार तेवीसची दिली," मंगेश अदबीने म्हणाला. "शिवरामजी तर एकाहत्तरच्या लढाईतले."

"लढाईवर गेले एकाहत्तरले. मेले तेवीसले."

"मग मधली इतकी वर्षं ते होते कुठे?"

"ते मले काय पुसता? पलटनीले पुसा. तिनंच नेले होते."

कैलाशने हसू दाबले. मंगेशला ते दाबावे लागले नाही. सैन्याच्या कागदात बेपत्ता अशी नोंद असून डिसेंबर एकाहत्तरपासून मृत समजावे असे लिहिले आहे, तेव्हा संकेतस्थळावर तोच महिना द्यावा लागेल, असे त्याने समजावून सांगितले. चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला. एकाहत्तर टाकायचे असेल तर नावच काढून टाकावे, असे त्यांनी सांगितले, आणि पाहुण्याला चहा देण्याची आज्ञा करून त्या आत निघून गेल्या. चहा आला तो निरोपाचा होता, एवढे मंगेशला कळले.

त्या तारखेत चंद्रभागाबाईंचे सारे आयुष्य अडकले होते.

कागद आला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या आणि कैलाश पोटात होता. शाळामास्तरांनी तो वाचून दाखवला आणि संध्याकाळच्या आत गावातल्या बाया बांगड्या फोडायला दारी आल्या. चंद्रभागाबाई धान कापण्याचा विळा हाती घेऊन उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. माणूस आणून दाखवा, मग माझ्या हाताला हात लावा, असे त्या म्हणाल्या. बाया परतल्या. पुन्हा कोणी आले नाही.

रीतीलाही तेच मान्य होते. जो परागंदा झाला, ज्याचा देह हाती आला नाही, त्याची बारा वर्षे वाट पाहावी. मग पळसाच्या देठांचा मनुष्याकृती पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, त्याला वस्त्र नेसवून चितेवर निजवावे आणि अग्नी द्यावा. अग्नी दिला तो दिवस मरणाचा. श्राद्धही त्याच तिथीला. तोवर माणूस जिवंत आणि त्याची बायको सवाशीण.

बारा वर्षे भरली तेव्हा सासूने स्वतः रानात जाऊन पळसाचे देठ आणले. चंद्रभागाबाईंनी त्या दिवशीचा स्वयंपाक त्या देठांवर केला. सासू पुढे त्या अग्नीची वाट पाहतच गेली. दर महिन्याला सरकारचे पैसे येत. कागदावर त्यांना विधवेचे निवृत्तिवेतन म्हणत, चंद्रभागाबाई 'त्याइचा पगार' म्हणत. बँकेत सही करीत आणि कपाळावरचे रुपयाएवढे कुंकू तसेच मिरवीत घरी येत. तो कागद गावात कोण वाचणार होते?

वर्षे गेली तसे त्या कुंकवाला वजन आले. गावातल्या लग्नात पहिली हळद चंद्रभागाबाईंच्या हातची, पहिली ओटी त्यांनी भरलेली. त्यांना उशीर झाला तर मांडव थांबे. नातू प्रविणचे लग्न झाले तेव्हाही पहिली हळद त्यांनीच लावली. आधी प्रविणला, मग रुपाला. रुपा तुमसरकडची, बारावी शिकलेली, कामाला वाघीण. आपली निवड चुकत नाही, असे चंद्रभागाबाई त्या दिवशी चारचौघांत म्हणाल्या होत्या.

प्रविण चिखला गावाच्या बाजूला एका खासगी वाहतूकदाराकडे कामाला जात असे. एका पहाटे धुक्यात त्याची मोटरसायकल उभ्या ट्रकवर आदळली. देह दुपारी घरी आला. तिरडी बांधली जात असतानाच चंद्रभागाबाईंनी रुपाचा हात स्वतःच्या हातात घेतला, पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने बांगड्या फोडल्या. दुसऱ्या कोणाला त्यांनी ते करू दिले नाही. माणूस डोळ्यांसमोर निजला होता. त्यात वादाला जागा नव्हती.

तेरवीला रुपाची आई उषाबाई आली. मांडवात माणसे जेवत असताना ती खालच्या आवाजात म्हणाली, पण सर्वांना ऐकू जाईल इतक्याच खालच्या, "रांडेच्या हातची हळद लागली माह्या पोरीले. अजून काय व्हनार होतं?"

"माह्या मालकाची चिता पेटली नाई अजून," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "जेव, अन मंग बोल."

उषाबाई जेवली नाही. पुढल्या वर्षी धाकटे दीर कृष्णराव खोकत खोकत ओसरीत येऊन बसले. ते वहिनींसमोर मान वर करून बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. खाली पाहूनच म्हणाले, "वैनी, बिनअग्नीचा मानूस घरातल्यालेच ओढते म्हन्तेत. आता तरी मोकळं करा दादाले." नातवाचे नाव त्यांनी घेतले नाही, पण ते ओसरीभर पसरले. चंद्रभागाबाईंनी होकार दिला.

फाल्गुन होता, रान पळसाने पेटलेले होते. वैनगंगेच्या काठी देठांचा देह रचला गेला. चंद्रभागाबाईंनी पेटीतले यजमानांचे धोतर काढून दिले. कैलाशने, ज्याने बापाला कधी पाहिले नव्हते, अग्नी दिला. पळसाचे देठ ओले होते. धूर फार झाला आणि देह नीट पेटेना, तेव्हा कृष्णरावांनी त्यावर रॉकेल शिंपडले. घरी आल्यावर चंद्रभागाबाईंनी आपले कुंकू आपल्या हाताने पुसले. तीच ती तारीख.

तेवीस साल राहिले, तर प्रविणच्या हळदीच्या दिवशी त्या सवाशीण होत्या. एकाहत्तर लागले, तर उषाबाई खरी ठरत होती, आणि तेही पेटीतल्या कागदावर नव्हे, ज्याच्या त्याच्या फोनवर. म्हणून त्या अडून बसल्या होत्या. नाव काढा असे तोंडाने म्हणाल्या होत्या, पण मनातून तेही होत नव्हते. गावच्या स्मारकाच्या दगडावर त्यांनीच कधी ते कोरू दिले नव्हते आणि आता हा माणूस जगात कुठेच लिहिलेला नव्हता.

कापणी अर्ध्यावर आली तेव्हा मंगेश पुन्हा आला. या वेळी त्याने जोडे पायरीखाली काढले. बसायला सांगेपर्यंत तो उभा राहिला, आणि तेवढ्यावरूनच चंद्रभागाबाईंनी ओळखले की हा काहीतरी घेऊन आला आहे.

शिवरामांचे छायाचित्र तारखेविनाच संकेतस्थळावर लागले होते. ते पाहून साताऱ्याकडच्या एका निवृत्त हवालदाराने आठवण लिहून पाठवली होती. वय झालेले, दोन्ही गुडघे गेलेले. नातीने टंकून दिले होते. मंगेशने ते अजून कोणाला दाखवले नव्हते. आधी तुम्ही ऐका, तो म्हणाला.

"रुपा वाचन," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तिची वानी साफ आहे."

रुपा पदराला हात पुसत बाहेर आली. कैलाश खांबाला टेकून उभा राहिला. रुपाने वाचायला सुरुवात केली.

"'आम्ही रांगेने चाललो होतो. शिवराम माझ्या पुढे होता. शेत उसाचे होते, पण शत्रूने त्यात सुरुंग पेरले होते. त्याचा पाय पडला. पुढे जाऊन त्याला आणण्याचा हुकूम नव्हता. पहाटेपर्यंत त्याचा आवाज येत होता.'"

रुपा थांबली.

"कायचा आवाज, ते लिवलं आहे?" चंद्रभागाबाईंनी विचारले.

"हो."

"मग वाच."

"'पाणी मागत होता. पहाटे आवाज बंद झाला. उजेडल्यावर आम्ही वाट करून त्याला उचलले. गावी पाठवण्याची सोय नव्हती. उसाची पाचट आणि दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्या रचल्या. त्याच्या घरचे कोणी नव्हते म्हणून अग्नी मी दिला. तारीख सोळा डिसेंबर. दुसऱ्या दिवशी लढाई थांबली. तिसऱ्या दिवशी मी जखमी होऊन इस्पितळात गेलो. आमचे साहेब आधीच पडले होते. घरी कळवले असेल, असे मी इतकी वर्षे समजत होतो.'"

लढाई थांबल्यावर हवालदार जखमी कसा झाला, असे कैलाशने हळूच विचारले. परतीच्या वाटेवर सुरुंगानेच, असे मंगेशने सांगितले. ते सुरुंग लढाई थांबली म्हणून थांबले नव्हते.

 एका नावाची माणसे पुष्कळ असतात, असे चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्या मराठ्याला विचारा, हातावर काय गोंदले होते.

मंगेशने तिथेच फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. मंगेशने प्रश्न केला. आधी म्हातारा खोकला, कोणाला तरी दूरदर्शन बंद करायला सांगितले.

"मारुती हुता की. उजव्या मनगटाच्या वर. पर शेपूट अर्धीच. सुई लागली तसा जत्रेतनं उठून पळाला हुता, म्हणायचा. बायको अजून हसती, म्हणायचा." मग आवाज खाली गेला. "त्या हायेत का तिथं?"

चंद्रभागाबाईंनी नको म्हणून हात वर केला. मंगेशने फोन बंद केला.

लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला त्या शेपटीवरून त्यांनी यजमानांना खरोखरच हसून हसून बेजार केले होते. हे जगात दोन माणसांना ठाऊक होते. आता कळले, तिसराही होता, आणि त्यानेच अग्नी दिला होता. तारखेचे काय करायचे ते मंगेशने विचारले, तेव्हा त्यांनी सांजेला कळवीन म्हणून सांगितले. या वेळी चहा त्यांनी स्वतः ठेवला. मंगेशने तो पुरता प्यायला.

दिवस कलला. कैलाश शेतातल्या बांधीत धानाचे भारे मोजायला गेला. मोजण्याइतके भारे नव्हते, पण त्याला घरात थांबवेना. रुपा अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडीत बसली. चंद्रभागाबाई तिच्यासमोर पाटावर येऊन बसल्या. त्या कधी कोणासमोर येऊन बसत नसत. ज्याला बोलायचे तो त्यांच्याकडे येई. रुपाचे सूप एकदा थांबले आणि पुन्हा चालू लागले.

"तुही माय म्हने ते खरंच निंगालं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तुले हळद लागली ते विधवेच्या हातची."

"मले मालूम होतं, आजी."

"आज मालूम झालं."

"नाई. लग्नाच्या आधीच मालूम होतं. साऱ्याइलेच मालूम होतं." रुपाने खडा वेचून बाजूला टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारभाव सांगावा तशी ती सांगत होती. "लढाईवर गेलेला मानूस इतक्या वर्सानं येते काय? लहान लेकराले बी समजते. तुमच्या तोंडावर कोन बोलनार?"

"मग लावून कायले घेतली? तुह्या मायनं नाई म्हनाचं होतं."

"माय होच म्हने." रुपाने प्रथमच वर पाहिले. "ते म्हने, लावू दे बिचारीले. तिले तेवढंच आहे."

चंद्रभागाबाईंना लोकांनी पुष्कळ नावे ठेवली होती. ताठ म्हटले, कजाग म्हटले, पाठीमागे पाटलीणही म्हटले. ते सारे त्यांना ठाऊक होते आणि त्यातले काही आवडतही होते. बिचारी कोणी म्हटले नव्हते. आता एकेक मांडव त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. थांबलेली माणसे, वाकलेल्या नवऱ्या, 'माय आली, माय आली' म्हणून सरकून जागा करणाऱ्या बाया. त्या बाया एकमेकींकडे कशा पाहत असतील, हे त्यांनी मान वळवून कधी पाहिले नव्हते. सारे गाव पन्नास वर्षे त्यांना सांभाळून घेत होते, आणि त्या समजत होत्या की गाव आपण चालवतो.

"एक पुसू?" रुपा म्हणाली.

चंद्रभागाबाईंनी मान हलवली.

"तुमी विळा घेऊन दारात उभ्या राह्यल्या होत्या म्हन्तेत. माह्या येळी तो विळा कोठी होता?"

"तुहा मानूस समोर होता, बाई. माह्या मानसाचं नखही कोनी आनलं नोतं."

"समोर होता म्हनूनच." रुपाने सूप खाली ठेवले. "तो घरातून निंगे परेंत त बांगड्या ठेवाच्या होत्या. त्यानंच भरल्या होत्या तुमसरच्या बाजारात. त्याच्या कानाशी फोडल्या तुमी."

 रीत सांगता आली असती. ती चंद्रभागाबाईंनी जन्मभर लोकांना सांगितली होती, आणि स्वतःला लागू पडेना तेव्हा तिच्यातूनच बारा वर्षांची दुसरी रीत काढून तीही चाळीस वर्षे लांबवली होती.  तलावाच्या पाळीवरून गुरे परत येत होती. त्यांच्या घंटा जवळ येऊन पुढे गेल्या.

"मग आपन जाळलं ते काय होतं?" त्यांनी विचारले. 

"पळस होता, आजी."

चंद्रभागाबाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग त्यांनी पाठ सरळ केली.

"मंगेशले फोन लाव. सोळा डिसेंबर टाक म्हना. अन त्या हवालदारानं लिवलं ते सारं टाक म्हना. पान्याचं बी."

रुपाने फोन लावला, निरोप सांगितला. पलीकडे मंगेशने काही विचारले. तिने हाताने फोन झाकला.

"तुमच्या नावामागं काय लिवाचं, पुसते. वीरपत्नी लिवतेत म्हने साऱ्याइच्या."

"विधवा लिव म्हना. सोळा डिसेंबरपासून."

"सारा गाव वाचन, आजी. माय बी वाचन."

"तिच्यासाठीच लिवून राहिलो आपन," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बिचारी नको म्हनू म्हना आता."

भंडाऱ्याहून थोड्याच वेळात ते पान फोनवर आले. शिवरामांचे छायाचित्र होते. भरतीच्या वेळचे, कान बाहेर आलेले, डोळे कोणीतरी हाक मारल्यासारखे. जन्म, मृत्यू, गाव, पलटण. पत्नीच्या नावापुढे तो एक शब्द. त्याखाली हवालदाराचे लिहिणे, आणि सर्वांत खाली दिव्याची खूण. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी होती त्या दिवशी, असेही मंगेशने पंचांग पाहून लिहिले होते. फाल्गुनातली तिथी आता कोणाची राहिली नव्हती.

"दिवा लावता?" रुपाने विचारले.

चंद्रभागाबाईंनी बोट पुढे केले. ते बोट धानाच्या रोवणीच्या चिखलात आणि कापणीच्या विळ्यावर झिजलेले होते. रेशनच्या यंत्रालाही ते कळत नसे आणि दर वेळी कैलाशला न्यावे लागे. त्यांनी दिव्यावर ते टेकवले. काही झाले नाही. त्यांनी पुन्हा टेकवले, मग दाबून धरले. काचेवर बोटाचा पुसट डाग उमटला, दिवा तसाच विझलेला राहिला.

रुपाचे बोट लागले असते तर तो लगेच पेटला असता. तिने ते लावले नाही. दोन्ही हातांनी फोन आजीपुढे धरून ती बसून राहिली, आणि म्हातारी पुन्हा पुन्हा बोट टेकवीत असताना तिने तो हलू मात्र दिला नाही.